सुमन नळावर पडली नव्हती

"काका, हा वात नाही," एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. "स्पायनल टीबी आहे." म्हणजे मणक्यातला क्षय. हाड आतून पोखरून मणका बसला होता आणि पायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूवर दाब आला होता. मग त्यांनी विचारलं, "पाठीला काही मार लागला होता?"

"नळावर पडली," मी म्हणालो.

माझी बायको सुमन स्ट्रेचरवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मी पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला होतो. सुमन घरी वाकून बसून साड्यांना टिकल्या लावायची. तिची पाठ दुखायला लागली तेव्हा मी तिला वैद्यांकडे नेलं. वात वाढलाय, म्हणाले. शिळी भाकरी, हरभरा, थंड पाणी बंद. ताजी मुगाची खिचडी, वर तूप, वेळेवर जेवण, तिळाच्या कोमट तेलानं मालिश. महिनाभर आम्ही सगळं पाळलं. तिला झोप लागू लागली.

मग संध्याकाळी ताप येऊ लागला. चोळी सैल झाली. वैद्यांनी मला बाजूला घेतलं. "भाई, हा नुसता वात नाही. तापात तेल चोळू नका. मोठ्या दवाखान्यात पाठीचा एक्स-रे फोटो काढा."

घरी येऊन मी सुमनला सांगितलं, "तेल चालू ठेवायचंय."

का? प्लेगनंतर दवाखाना दिसला की मी रस्ता बदलायचो. भलतंच काही निघालं तर घरमालक खोली सोडायला लावील, ही भीती वेगळीच.

आणखी एक सांगायचंय. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आलेला. आमच्या खानदेशात पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं मानतात. गल्लीतली माणसं माझ्याकडे यायची. "भाऊ, जरा पाय लावा."

एका रविवारी सकाळी सुमन म्हणाली, "साऱ्या गल्लीले पाय लावतस, मनी पाठ तेवढी ऱ्हायनी." हसली आणि चटईवर पालथी झोपली.

पाय नुसता टेकवायचा असतो, तीनदा. इतके दिवस उतार नाही म्हणून मी तिसऱ्यांदा जोर दिला. काहीतरी बारीक वाजलं. ती ओरडली नाही. दुपारी मात्र तिनं विचारलं, "मना पाय कोठे शेतस?" पाय तिच्यासमोरच होते. तिला ते कळत नव्हते.

दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. उताणं पडून राहायचं, कूस बदलायची तीही दोघांनी धरून. दोन आठवड्यांत पाय हलले नाहीत तर ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी ते सांगत, "अंगठा हलवा." मी भिंतीकडे बघायचो. बाहेरच्या बाकावर बसलो की तो बारीक आवाज ऐकू यायचा.

बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "काका, इकडे बघा." उजवा अंगठा किंचित वाकला होता. मी त्याला हात लावून पाहिला.

पुढे वर्षभर गोळ्या चालल्या. सुमन आज काठी घेऊन चालते, डावा पाय ओढत. पोखरलेला मणका साध्या ठेचेनंही बसतो, असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. पण ते नळाविषयी बोलत होते.

त्या डॉक्टरांचे आणि माझ्याहून शहाण्या निघालेल्या वैद्यांचे उपकार आहेत. आमच्या घरी अजून मूग आणि तूप आहे. पथ्य जरूर पाळा. पण पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप असेल, वजन उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आधी फोटो काढा. आणि त्या पाठीला कुणाचा पाय लावून घेऊ नका.

परवा पाहुण्यांना सून सांगत होती, "आई नळावर पडल्या होत्या ना, तेव्हापासून." सुमननं नेहमीसारखी मान हलवली.

"नाही," मी म्हणालो. "मी पाय दिला होता."

सुमननं काठी बाजूला ठेवली, माझ्याजवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "इतला वरीस वाट पाही मी."