पासबाईंना पाचवी हवी

शाळेत त्यांचं खरं नाव मस्टरवर तेवढं उरलं होतं. मुलं, पालक, शिपाई, सगळे त्यांना पासबाई म्हणत. गणितात दगड असलेलं पोरसुद्धा त्यांच्या हाताखालून गेलं की दहावीला पास व्हायचंच. आणि एकदा का माणसाला असं काही चिकटलं, की संपलं हो! दरवर्षी दहावी. तेच पुस्तक, तीच उदाहरणं, तोच कोपरा उडालेला फळा. बाकीच्यांना वर्ग बदलून मिळायचे आणि बाईंना शाबासकी मिळायची.

त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. प्रश्न टाकायचा, मूल अडखळलं की उत्तराचं पहिलं अक्षर आपण म्हणायचं आणि उरलेलं वर्गाकडून वदवून घ्यायचं. "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐं...?" की लगेच "शी!" म्हणून वर्ग दणाणायचा. शेजारच्या वर्गाला वाटायचं, काय तयारी आहे पोरांची!

घरीही तीच गत. नवरा म्हणायचा, "लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य माझ्या तोंडून पुरं झालेलं नाही." म्हणजे तो 'माझं एक वाक्य' इथपर्यंतच पोचायचा. पुढचं बाईच म्हणायच्या.

मग एका सुट्टीत शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. अशा ठिकाणी बाई विणकाम घेऊन मागच्या बाकावर बसत. या वेळी शिकवायला एक लहानखुरी, चष्मेवाली पोरगी होती. ती म्हणाली, "प्रश्न विचारा आणि गप्प बसा. मूल विचार करत असताना आपण बोललो, तर तो विचार तिथेच मोडतो." बाई मनात म्हणाल्या, कालची पोर, मला शिकवतेय! पण ते वाक्य दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहिलं. काही केल्या निघेना.

शाळा सुरू झाल्यावर त्यांनी दहावीला विचारलं, "एकशे ऐंशीच का रे? जास्त का नाही?" आणि तोंड मिटून उभ्या राहिल्या. सगळे डोळे बाईंच्या ओठांवर. शेवटी पहिल्या बाकावरची, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, मदत करावी तशी हळूच म्हणाली, "बाई, पहिलं अक्षर सांगा ना."

वर्ग खो खो हसला. बाईंनी मात्र खडू खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं आपण केलं काय? उत्तरं पोरांनी दिली, पण विचार कुणी केला? कुणीच नाही!

त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. मला पाचवी द्या. दहावीला परीक्षा बोकांडी बसलेली, तिथे गप्प उभं राहायला फुरसत कुणाला? पण पाचवीत अपूर्णांक नुकते सुरू होतात, पोरांना अजून आपली सवय लागलेली नसते. निवृत्तीआधी एकदा तरी नीट शिकवून बघू, एवढीच इच्छा.

"पाचवी? तुम्ही?" मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, चष्मा काढून बघतच राहिल्या. "बरं आहे ना तुम्हाला?"

"मला अजून शिकायचंय, बाई."

"आता काय शिकायचं राहिलंय तुमचं? उगाच चालत्या गाड्याला खीळ घालू नका. निकाल पडला तर पालक मला फाडून खातील."

पालकांना सुगावा लागलाच. एक आई तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "माझ्या धाकट्याची दहावी होईपर्यंत तरी थांबा हो!" घरी नवरा म्हणाला, "अगं, एवढं नाव झालंय, आता ही नसती..." "उठाठेव," बाईंनी पुरं केलं आणि स्वतःवरच चरफडल्या. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. पण सगळे कौतुकच करणारे! कौतुकाने माणसाचा असा जीव गुदमरतो, हे सांगायचं तरी कुणाला?

आणि एके दिवशी पाचवीचे सर आजारी पडले. "घ्या, हौस भागवून घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. "जमलं तर पुढच्या वर्षीचं बघू."

बाईंनी घरीच कागदाच्या पट्ट्या कापून आणल्या. पोरांना प्रत्येकी दोन, सारख्या लांबीच्या. एकीचे घड्या घालून चार सारखे भाग, त्यातले तीन रंगवायचे. दुसरीचे तीन सारखे भाग, त्यातले दोन रंगवायचे. "आता पट्ट्या एकमेकींना न लावता सांगा, जास्त कोणती रंगली? आणि कशावरून?"

बाईंनी डस्टर घट्ट धरला. खिडकीजवळच्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला.

"बाई, ह्या पट्टीत जो कोरा तुकडा आहे ना, तो..." ती थांबली. पट्टीकडे बघत राहिली, ओठ नुसते हलत होते. कुठेतरी बाक करकरला. तेवढ्यात मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. बाई स्वतःलाच बजावत होत्या, बोलू नकोस, मेले, बोलू नकोस! मुलीचे डोळे एकदम चमकले. "म्हणजे मग..."

"लहान आहे!" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "म्हणून रंगवलेला भाग मो...?"

"ठा!" अख्खा वर्ग ओरडला. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना. जित्याची खोड दुसऱ्यालाही इतक्या पटकन लागते, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा! एका तासात बोलतं केलंत की! दिली, पुढच्या वर्षी पाचवी तुम्हालाच दिली. हीच पद्धत खालपासून सुरू करा. आणि दहावी आहेच तुमच्याकडे, ती राहू द्या." आणि खुशीत निघून गेल्या. बाई हो म्हणाल्या की नाही, ते त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

घंटा झाली. पोरं बाहेर धावली. वेण्यांची मुलगी दप्तर भरत होती. बाई तिच्या बाकाशी गेल्या.

"तू हेच सांगणार होतीस ना गं?"

तिने मान हलवली. "नाही. मला दुसरंच सुचलं होतं."

"काय?"

आणि बाई गप्प राहिल्या. अगदी गप्प. मुलीने पट्ट्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, एक उघडून पुन्हा मिटली. बाहेर पोरांचा गलका चालला होता. बाईंनी एक अक्षर काढलं नाही.

"गेलं, बाई," ती म्हणाली. "तुम्ही बोललात ना, तेव्हाच गेलं."

दोन्ही पट्ट्या बाईंच्या हातात देऊन ती मैदानाकडे पळाली. पुढचा तास दहावीचा होता.