ओडेनवाल्डच्या शाळेत एक ‘अहो’

आमच्या विद्यार्थिनी मंडळाचा एक नियम आहे: मंडळ ज्या खेड्यातल्या शाळेला मदत करतं तिथं एकदा जाऊन आल्याशिवाय नवी मुलगी सभासद होत नाही. म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी मंडळातली मैत्रीण इंगे आणि जर्मनीत नुकतीच शिकायला आलेली मी वह्यांचं गाठोडं घेऊन डार्मश्टाटहून निघालो.

तुम्ही जाणार असाल तर परतीचं तिकीट एकदमच काढा, स्वस्त पडतं. गाडी ओडेनवाल्डच्या डोंगरात शिरते. पुढे पोस्टाची पिवळी बस. रविवारी ती नसते.

बसमध्ये इंगेनं मंडळाची हकिकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर एका गळक्या खोलीत राहणाऱ्या चौघींनी ते काढलं. त्यांतली लोटे या गावात शिक्षिका झाली.

“पहिल्या पत्रात तिनं काय मागितलं असेल?”

“पुस्तकं?”

“खडू आणि बूट!”

तेव्हापासून दरवर्षी गाठोडं जातं.

शाळा म्हणजे एकच खोली, आठ इयत्ता. लोटेबाईंनी उकडलेले बटाटे आणि क्वार्क वाढलं. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच, वर शहाजिरं. जेवताना त्या म्हणाल्या, “पंधरा वर्षं वह्या येतात, पण इथली एकही मुलगी दहाव्या वर्षी शहरातल्या वरच्या शाळेत गेली नाही. आता चौथीतली हेल्गा जाऊ शकेल. सोमवारपर्यंत अर्जावर तिच्या वडिलांची सही हवी. ते नाही म्हणतात.”

वडील आठवडाभर र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात असत. त्या दुपारी ते हेल्गाला न्यायला आले. ती फळ्यावरचा नकाशा पुसत होती. मी विचारलं, “हेल्गा, तुम्हाला पुढे काय शिकायला आवडेल?”

वर्ग खो खो हसला. माझं जर्मन पुस्तकी. त्यात सगळ्यांना ‘झी’, म्हणजे ‘अहो’च.

“अगं, दहा वर्षांच्या मुलीला ‘डू’ म्हणतात!” इंगे कुजबुजली. मी कानापर्यंत लाल झाले.

हेल्गा मात्र ताठ उभी राहिली. “नकाशे काढायला, फ्रॉइलाइन.” फ्रॉइलाइन म्हणजे बाई.

वडील टोपी हातात फिरवत म्हणाले, “पोरीला अहो-जाहो! मला तरी कोण करतं?” मग मला विचारलं, “तुमचे वडील काय करतात?”

“शिंपी आहेत. आमच्या घरात मीच पहिली पदवीधर.”

“आणि त्यांनी इतक्या लांब पाठवलं?”

“इकडे येण्याच्या फॉर्मवर सही त्यांनीच केली. फार सावकाश केली.”

“या, या,” म्हणत ते मुलीला घेऊन गेले. जर्मनमध्ये ‘या’ म्हणजे हो. पण तो होकार होता की नुसता सुस्कारा, कळेना. संध्याकाळच्या बसनं आम्ही परतलो.

गुरुवारी वसतिगृहावर लोटेबाईंचं पत्र आलं. सही झाली. हेल्गाचा आता हट्ट आहे, धाकट्या भावानं तिला ‘झी’ म्हणावं. तो म्हणत नाही.

मंडळाच्या वहीत माझं नाव लागलं. इंगेनं मला ‘डू’ची सगळी रूपं पाठ करायला लावली. ती आता येतात. हेल्गाला पहिलं पत्र लिहिलं, त्यात मात्र मी ‘झी’च ठेवलं.