ओल्या गोधडीनं पास केलेली दोरी

रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, नाहीतर गुडघे दाखवायला दवाखाने धुंडाळतात. मी शिडाची होडी घेतली. बंद पडलेल्या कुठल्याशा क्लबातली, दोन माणसांपुरती. घनसावंगीच्या पुढं गोदावरीकाठी आमचं गाव, तिथं ती उसाच्या ट्रॉलीतून आली. गावातल्या एकानं विचारलं, "साहेब, हिला डिझल किती लागतं?" म्हटलं, वाऱ्यावर चालते. "मंग वारं पडलं की?" लोकांना नेमकं तेच कसं सुचतं, देव जाणे.

होडीवर खऱ्या खूश झाल्या त्या आमच्या वहिनी. त्यांचं माहेर बराबर समोरच्या काठावर. पूर्वी नावेनं जाणं-येणं होतं, आता लांबच्या पुलावरून वळसा घालून जीपनं जायचं. त्यांची आई पार थकलेली, नजरही अधू.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "भाऊबीजेला मला होडीतून न्या. आई घाटावर येऊन बसते म्हणली. मी दिसणार न्हाई तिला, पण एवढं मोठं पांढरं शीड तर दिसंल."

मी हो म्हणून बसलो आणि दुसऱ्याच दिवशी शीड वर ओढायची दोरी माझ्या हातात तुटली. पार कुजली होती.

मग मी आणि दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, जुन्या जालन्यात दोरखंडाच्या दुकानात गेलो. दादांचा जन्म शेतीत गेला. दोरीच्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडायचं नाही. दुकानदारानं पहिलाच प्रश्न टाकला, "बैल किती?"

"बैल न्हाई, कापड वढायचंय," मी म्हटलं.

"कापड?" त्यानं दादांकडं पाहिलं. दादांनी मान खाली घातली. मग दोन-तीन दोऱ्या पुढं आल्या. त्यात एक पांढरी, विणीची, पॉलिस्टरची होती. "ही मंडपवाल्यांची," दादा म्हणाले, "आपल्या कामाची न्हाई." आणि त्यांनी निळी नायलॉनची उचलली. "ही माझ्या हयातीत तुटत न्हाई."

घरी तिची परीक्षा झाली. दादांनी दोरी लिंबाच्या फांदीला बांधली आणि आम्ही दोघं म्हातारे भाऊ तिला लोंबकळलो. सगळी गल्ली बघत होती. सुरुवातीला पाय जमिनीपासून वीतभर वर होते, थोड्या वेळानं तळवे मातीला टेकले. फांदी वाकली असेल, असं आम्ही ठरवून टाकलं. "पास!" दादा म्हणाले.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी होडी एकट्यानंच पाण्यात घातली. शीड ताठ उभं केलं, दोरी आवळून बांधली. निम्म्या पात्रात गेल्यावर वारं भरलं आणि ते शीड हळूहळू ढगळ पायजम्यासारखं खाली यायला लागलं. ओढून बांधलं की पुन्हा ढिलं. शेवटी ते निम्मं माझ्या डोक्यावरच आलं आणि मी त्याच्याखाली चाचपडत वल्ही मारत परतलो.

संध्याकाळी पलीकडून वहिनींच्या आईचा फोन. "होडी निघाली म्हणले, म्हणून बघायला गेल्ते गं घाटावर. पांढरं दिसत व्हतं, मंग दिसंना. बसून बसून आले घरी." वहिनींचा चेहरा एवढुसा झाला. "ऱ्हाऊ द्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "जाते आपली जीपनंच." मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी चिडतो. मी दादांवर घसरलो.

"दोरी तुटली का?" दादा कडाडले. "न्हाई ना? मंग तुलाच गाठ मारता येत न्हाई!"

"ओ, गप बसा दोघं," वहिनी आतून आल्या. "तुटायचा सवालच न्हाई. वाळवणाला नायलॉनची बांधली, की ओल्या गोधड्या दुपारपर्यंत जमिनीला टेकतात. तुम्ही बैलाची दोरी आणली. इथं गोधडीची पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जालन्याला. वहिनींच्या मांडीवर खताची गोणी, गोणीत भिजवलेली गोधडी. दुकानापुढं दोन खांब होते. वहिनींनी एकेक दोरी त्यांना बांधायला लावली, वर गोधडी टाकली आणि खालून वितीनं उंची मोजली. मग सगळ्यांनी चहा प्यायचा आणि पुन्हा मोजायचं. रिक्षावाले हॉर्न वाजवून राह्यले, गोधडी निथळून राह्यली, दादा आपण यांच्यातले नाहीच असं तोंड करून पलीकडं उभे. दुकानदारानं कपाळाला हात लावला. "ताई, उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक न्हाई पाह्यलं!"

मंडपवाल्यांची पांढरी दोरी बोटभरही उतरली नाही. "हीच," वहिनी म्हणाल्या. माझा उपयोग एवढाच झाला, की होडीची कप्पी मी खिशात नेली होती. दोरी तिच्यातून सुळकन गेली.

भाऊबीजेला वहिनी नवं लुगडं नेसून होडीत बसल्या. शीड वर गेलं ते गेलंच, तसूभर खाली आलं नाही. फक्त वारं नव्हतं. म्हणजे होतं, पण मेणबत्ती विझेल एवढंच. आम्ही गोगलगाईला लाजवत निघालो. "ढकलायला येऊ का रं?" अलीकडच्या काठावरून दादा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वल्ह्याला हात घातला, तर वहिनी म्हणाल्या, "नका हो. चालू द्या असंच."

घाटाच्या पायरीवर त्यांची आई बसलेली होती. होडी टेकल्या टेकल्या मी हात जोडले. "आई, लई उशीर झाला बघा. वारंच न्हाई."

म्हातारीनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं. माझ्याकडं न बघताच ती म्हणाली, "उशीर कशाचा बापा? जीपनं येती तवा एकदम दारातच उभी ऱ्हाती. आज घंटाभर माझी लेक येताना दिसली."