आठव्या डोळ्यावर

माझ्या सासऱ्यांइतका, म्हणजे आबांइतका, माणसं धरून ठेवणारा आणि त्यापायी घरच्यांचा जीव मेटाकुटीला आणणारा गृहस्थ अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. अंतर ते किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत, मित्रांमध्ये मोजतात. दिंडोरीपासून पिंपळगाव दोन मित्र, चांदवड चार मित्र. कुणाकडे जाण्याआधी फोन करणं हा त्यांच्या लेखी अपमान. "फोन करून जायला आपण काय पाव्हणे हाय का?" असं विचारतात आणि सरळ दारात उभे राहतात. चाळीस वर्षं द्राक्षबागांच्या छाटणीची टोळी चालवल्यामुळे कमरेला कात्री कायम, आणि हात रिकामा राहिला की ती बाहेर येते. एकदा मित्राच्या घराला कुलूप होतं, तर तासभर ओट्यावर बसून ते परत आले. संध्याकाळी दारातला मोगरा नीट छाटलेला पाहून मित्रानेच फोन केला, "येऊन गेलास वाटतं."

अशा माणसाला घेऊन गेल्या भाऊबीजेला आम्ही इंदूरला निघालो. नणंद तिथे असते. भावाला ओवाळल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही, आणि हे ती आम्हाला विसरूही देत नाही. गाडी माझी आणि चालवणारीही मीच. आमच्या माहेरी माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी रोज दोन बस बदलून बी.कॉम. झाले, आणि त्याची मला घमेंड आहे, ती मी लपवत नाही. म्हणून वेळापत्रक काढून मी छापूनच आणलं होतं: सहाला निघायचं, पाचला पोचायचं. आबांनी तो कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "ह्यात चहा कुठंय?"

चहा पिंपळगावात दोनदा झाला, चांदवडात एकदा. दरवेळी "पाच मिन्टं थांब" म्हणून आबा उतरायचे. जुना सोबती त्यांच्या गळ्यात पडायचा, चिवडा-लाडूंचं ताट यायचं आणि तोवर आबांनी त्यांची कण्हेर निम्मी केलेली असायची. साडेअकरा वाजले आणि आम्ही अजून चांदवडातच. नणंदेचे फोन सुरू झाले. माझा नवरा मागच्या सीटवर प्रत्येक वेळी "निघालोय, निघालोय" म्हणत होता, आणि माझ्या हाताखाली स्टिअरिंग तापत होतं.

पण चांदवड सुटलं आणि आबा कुठे थांबायला सांगेनात. मालेगावच्या अलीकडे एका फाट्यावर मीच सवयीने गाडी हळू केली, तर म्हणाले, "इथं नको. चल पुढं."

तिथे कोण राहतं ते मला माहीत होतं. आबांच्या टोळीतला पहिला जोडीदार. वीस वर्षं दोघांनी एकाच ओळीत समोरासमोर बागा छाटल्या. त्याने स्वतःच्या रानात बाग लावली, तेव्हा पहिली गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, आबांनी केली. काडीच्या कितव्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड आहे ते आधी काडी कापून भिंगाखाली बघतात, आणि त्याच्या पुढे कात्री चालवतात. मी तेव्हा नवी नवरी. काडी तपासून आणा, असं मी म्हटलं होतं. आबा हसले होते, भिंग म्हाताऱ्यांना पोथी वाचायला असतं म्हणाले, आणि पाचव्या डोळ्यावर बाग कापून मोकळे झाले. घड आठव्यात होता. बाग हिरवीगार फुटली, नुसत्या पानांची. मित्र एक शब्द बोलला नाही, हीच पंचाईत. भांडला असता तर आबा दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. त्याला बारा वर्षं झाली. मीही कधी काही बोलले नाही. गाडीत मात्र 'मी सांगितलं होतं' हे जिभेवर आलं, आणि मी गिळलं.

फाटा मागे पडला. दोन किलोमीटर गेल्यावर आबा काचेकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, त्याला फोन लाव. इचार, आलो तर चालंल का."

आबांनी परवानगी मागितलेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. नवऱ्याने नंबर शोधला.  पलीकडून अहिराणीत एवढंच आलं, "रस्ता इसरना का?" मी गाडी वळवली.

घरापुढे मांडवावर एकच वेल होता, उपटलेल्या बागेतला राहिलेला. मोकाट वाढून पत्र्यावर गेलेला. दोघे त्याच्याखाली बाजेवर बसले. मित्र त्यांच्याच वयाचा, वाकलेला. आबांचा हात कमरेकडे गेला आणि परत मांडीवर आला. तिकडे नणंदेचा फोन वाजत होता, नवऱ्याने तो बंद केला. चहा निवला. शेवटी मित्रच म्हणाला, "कात्री कोठे शे तुनी?"

आबांनी कात्री काढली. वेलाजवळ गेले, एक काडी हातात धरली आणि उभेच राहिले. मग मागे न बघता विचारलं, "कितव्यावर?"

"आठवा डोळावर काप," मित्र म्हणाला, आणि उठून काडी धरायला समोर उभा राहिला.

इंदूरला साडेआठ वाजले. नणंदेने फुगलेल्या तोंडानेच भावाला ओवाळलं. आबांच्या सदऱ्याच्या खिशात काडीचे तुकडे होते, ते त्यांनी धुवायला टाकताना काढू दिले नाहीत.

आता आबांचे गुडघे गेलेत, गाडीत फार वेळ बसवत नाही. दर रविवारी मला त्या मित्राला फोन लावायला सांगतात. "येल फुटला का?" एवढंच विचारतात. मार्गशीर्षात उत्तर आलं, "सात घड शेतस."  त्यानंतर दोघांपैकी कुणी फोन ठेवत नाही. मी हातातलं काम सोडून त्यांच्या कानाला मोबाइल धरून उभी राहते. दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येतो, आणि मी घड्याळाकडे बघत नाही.