कोंबडीच्या उंचीवरून

सूर्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस खानदेशात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले हे धुळ्याचे नाना. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे ज्याला त्याला पोल्ट्रीचं वेड लागलं आणि नाना जळगाव-धुळ्यात शेडं आखून देऊ लागले. दहा-दहा हजार पक्ष्यांची फार्म या माणसाने आखली. स्वतः घरी एक कोंबडी पाळली नाही. जागा बघायला ते वैशाखातच येत. हिवाळ्यात जमीन खोटं बोलते, म्हणत. भर दुपारी रिकाम्या वावरात गोणपाट टाकून बसत आणि मालकालाही शेजारी बसवत. ऊन कुठून आत शिरणार, वारा कुठे अडणार, हे कोंबडीच्या उंचीवरूनच कळतं, असा त्यांचा सिद्धान्त. मग सुतळी ताणून फक्कीची रेघ मारत. शेडाची लांबी कायम पूर्व-पश्चिम, म्हणजे उतरतं ऊन आखूड भिंतीवर जातं, लांब बाजूच्या जाळीतून आत शिरत नाही.

सावद्याच्या एका केळीबागाईतदाराला सगळी शेडं रस्त्याकडे तोंड करून हवी होती. नाना म्हणाले, "कोंबड्यांना एस.टी. दाखवायची का?" दोन शेडांमधली मोकळी जागा बघून तो हळहळला, तेव्हा यांनी विचारलं, केळीची दोन खोडं तू एका खड्ड्यात लावतोस का. फैजपूरच्या एका लग्नात तर नवरी उन्हात भाजेल म्हणून यांनी उभा मांडव फिरवायला लावला. भटजी चिडले, मुहूर्त हुकला, पण वऱ्हाड सावलीत जेवलं.

मी नोकरी सोडून पहूरला शेड घालायला काढलं तेव्हा शहाणपणा केलाच. जमिनीची पट्टी दक्षिणोत्तर, म्हणून नानांना न विचारता तसाच लांबलचक पाया खणून घेतला. नाना आले. दुपारी चार वाजता मला त्या खणलेल्या जागेच्या मधोमध बसवलं आणि स्वतः लिंबाखाली पान लावत बसले. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी पाया बुजवला आणि दोन आखूड शेडं आडवी घातली. राग आला होता, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या उन्हाळ्यात नानांना दवाखान्यात ठेवल्याचा निरोप आला. माझ्या पक्ष्यांच्या विक्रीला आठवडाच उरलेला, पक्षी अंगाने भरलेले. अशा पक्ष्यांना ऊन लागलं की एका दुपारीत शेड साफ होतं, आणि आमचं पोट त्या शेडांवरच. गडी लग्नाला गेलेला. तरी आम्ही दोघं नवराबायको पहाटेच्या एस.टी.ने धुळ्याला गेलो. नानांनी डोळे उघडले, भाचीला ओळखलं, मग माझ्याकडे बघितलं.

"शेडवर कोण शे?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग आठे बठीसन काय करशात, जावईबापू? भाची ऱ्हाऊ द्या. तुम्ही जा, पडदा वल्ला करा."

मी हललो नाही, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आल्या पावली परतलो.

एक वाजल्यापासून मी जाळ्यांवरच्या गोणपाटाच्या पडद्यांवर पाणी मारत होतो. पक्षी चोची उघडून धापा टाकत होते. नाना तीनच्या सुमाराला गेले, ते मला संध्याकाळी कळलं. चार-दोन सोडले तर सगळे पक्षी जगले. आठवड्याने गाडी येऊन माल घेऊन गेली, शेडं रिकामी झाली, आणि तेव्हा कुठे मला रडायला फुरसत मिळाली.