गार्डसाहेबांचा बाण

रविवार, सकाळचे सव्वासात. ड्रोनचे वजन दोनशे त्रेचाळीस ग्रॅम, माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनदा तोललेले. हजर तिघे: गार्डसाहेब, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, आणि मी. ही माझ्या वहीतली पहिली नोंद. दुसरी नोंद: ‘मच्छरदाणी फाटली.’

तुमच्याही सोसायटीत असा एखादा असेल. आमचे गार्डसाहेब कुठल्याही कामाआधी दोन आखूड शिट्ट्या मारायचे, कुकर उघडायचा असला तरी. मालगाडीचे गार्ड म्हणून चौतीस वर्षे काढून ते हरणीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी एकेक भाग मागवून घरीच ड्रोन जुळवला.

कारण साधे होते. सावली गावाजवळ त्यांचा जमिनीचा तुकडा होता आणि त्यात काकूंनी लावलेला आंबा. जमीन विकली होती. आठ दिवसांनी, सोमवारी, दस्त व्हायचा होता. बांधावरून चालणे काकूंच्या गुडघ्यांना जमणारे नव्हते.

“रस्त्यावर गाडीत बसून फोनवर झाड बघेल ती,” ते मला म्हणाले.

“मी मागितलंय का काही?” काकू आतून म्हणाल्या. पण मच्छरदाणी त्यांनीच काढून दिली होती.

चाचणी हॉलमध्ये व्हायची. ड्रोन चटणी वाटायच्या पाट्याला सुतळीने बांधलेला, वर मच्छरदाणी, आम्ही दोघे सोफ्यामागे. खालच्या मजल्यावरचे पटेल गच्चीकडे बोट करून म्हणाले, “काका, अगाशीवर उडवा ने, मोकळं आहे.”

“विमानतळ उशाशी आहे. सिग्नल लाल असताना गाडी हलत नाही.”

मी एका कारखान्याच्या भांडारात नोंदी ठेवतो, म्हणून वही माझ्याकडे आली. दोन शिट्ट्या, घरघर, एक उसळी, आणि ड्रोन झुरळासारखा उताणा. पाती बदलली, उताणा. बॅटरी बदलली, उताणा. मी मदतीला हात पुढे केला की ओरडायचे, “आधी पाती उतरवा, मग बोला!” बोटे दहाच असतात, ती मोजून परत न्यायची, असा त्यांचा नियम होता.

शुक्रवारपर्यंत चौदा वेळा उताणा. मच्छरदाणीला भोके अकरा. गार्डसाहेब अर्ध्या पोळीवरून उठतात, असे काकूंनी मला जिन्यात हळूच सांगितले.

त्या संध्याकाळी पाती उतरवून त्यांनी ड्रोन हातात धरला आणि मोटारी सुरू करून हळूच कलवला. जी बाजू खाली जाईल तिकडच्या मोटारींनी जोर करायचा, म्हणजे तो सावरतो. आमच्या मोटारी नेमक्या वरच्या बाजूला जोर करत होत्या, म्हणजे पडणाऱ्याला आणखी ढकलत होत्या. मी टॉर्चच्या उजेडात तोल सांभाळणारी मधली पट्टी पाहिली. तिच्यावर दिशेचा एक बाण असतो.

“साहेब, बाण उलटा आहे.”

“उलटा कसा? गाडीचं तोंड इकडे.”

“मोटारींच्या आकड्यांप्रमाणे इकडे शेपूट आहे.”

काकू लाटणे घेऊनच बाहेर आल्या. “चौतीस वर्षं शेवटच्या डब्यात बसून मागे बघत आले. यांचं पुढे म्हणजे मागेच!”

गार्डसाहेबांनी शिट्टी मारली नाही. स्क्रू काढले, पट्टी फिरवली. पंधराव्या चाचणीची नोंद: ‘उभा राहिला. सुतळी ताठ. काकूंनी शिरा केला.’

रविवारी सावलीजवळचे शेत. रस्त्यावर गाडीत काकू, हातात फोन. मी दाराशी. शंभर पावलांवर शेतात पांढरी टोपी घातलेले गार्डसाहेब, काखेत नोकरीतला हिरवा झेंडा. दोन शिट्ट्या झाल्या. ड्रोन सरळ उठला आणि झाडाकडे निघाला.

“झाड कुठाय?” काकू म्हणाल्या. “मला तर हेच दिसतायत.”

आम्ही पट्टी फिरवली होती, कॅमेरा नव्हता. ड्रोन पुढे जात होता आणि मागे बघत होता. मी ओरडून सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि ड्रोन जागच्या जागी वळवला. चाळीस सेकंद आंबा दिसला.

“मोहोर चांगला आलाय,” काकू म्हणाल्या. “आळं मात्र कोरडं आहे.”

निम्मी बॅटरी होताच गार्डसाहेबांनी ड्रोन उतरवला, पाती उतरवली, आणि मगच गाडीकडे येऊन विचारले, “दिसलं?”

गार्डसाहेब गेले त्याला आता पावणेदोन वर्षे झाली. काकू अधूनमधून त्या दिवशीचे चित्रण असलेला फोन घेऊन आमच्याकडे येतात. “जरा ते लावून द्या ने.” मी लावतो. आंबा आला की त्या हात हलवतात. “झाड राहू दे. आधीचं लावा.”

आधीचे म्हणजे शेतात उभे राहून वर बघणारे गार्डसाहेब. मी मोजले आहे. नवव्या सेकंदाला चेहरा कळेनासा होतो, सोळाव्याला टोपी. झेंडा मात्र ड्रोन वळेपर्यंत दिसतो.