हीटरमधला मोह

आमचे हे मूल गावातल्या एका धानगिरणीच्या मालकाकडे ड्रायव्हर होते. गाडी जुनी, कुठल्याशा थंड मुलखातून आलेली, म्हणून तिच्यात हीटर. आमच्याकडे बारा महिन्यांतले आठ महिने माणूस भाजून निघतो, तिथे हीटरचं कौतुक कोणाला? त्या पौषात मात्र थंडी हाडांत शिरली, आणि मालकांनी तो पहिल्यांदा लावायला सांगितला. त्याच दिवशी गाडीत मोहाच्या दारूचा वास आला.

संशय कोणावर जाणार? लग्नाआधी हे प्यायचे, ते गावाला ठाऊक होतं. माझ्या गळ्याची शपथ घेऊन सोडली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मालक रोज सकाळी गाडीशी उभे राहून म्हणत, "फू कर." हे तोंड उघडून फुंकर घालायचे. तोंडाला वास नसे. गाडी सुरू झाली की हमखास यायचा. शेवटी मालक म्हणाले, "आता वास आला तं किल्ली ठेवून चालता हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ह्यांनी सीटा काढल्या, डिकी धुतली, नळ्या हुंगल्या. हीटर बंद असला की वास नाही, लावला की आहे, एवढं कळलं. पण हीटरच्या डब्यात फिरतं ते इंजिनाचं गरम पाणी. तेही जिभेवर घेऊन पाहिलं. नुसतं गंजाचं.

मग मालकांच्या आईला सावली गावाला लेकीकडे पोचवायचं निघालं. सोबतीला मी. मागची सीट म्हातारीला आडवं व्हायला, म्हणून मी पुढे, नवऱ्याशेजारी, जन्मात पहिल्यांदा. धान कापलेल्या बांध्यांवर धुकं साचलं होतं आणि रस्ता त्यातच विरघळत होता. "गार लागून राह्यलं बापा, लाव ना ते," म्हातारी म्हणाली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खटका दाबला.

पावलांवर ऊनऊन हवा आली. माझा डोळा लागला. मी माहेरी होते. चैत्रातली पहाट, आई पुढे वाकलेली, मोहाखाली फुलांचा पिवळट सडा, बोटं चिकट. ऊन चढत होतं, टोपलीतली ओली फुलं तापत होती. जाग आली तेव्हा आई नव्हती, टोपली नव्हती. वास मात्र तिथेच होता.

"अवो, थांबवा गाडी! दारू नाई हे. फुलं हायेत!"

हे बघतच राहिले. मग त्यांनाही आठवलं. चैत्रभर गाडी गिरणीतल्या मोहाखाली उभी असे, आणि हीटरच्या डब्यात हवा जाते ती काचेपुढच्या जाळीतून. रस्त्याच्या कडेला त्यांनी डबा उघडला. हात आत घातला. पावसाळ्यात भिजून फुगलेली, काळी पडलेली मूठभर फुलं निघाली. म्हातारीनं ती नाकाशी नेली, पदरात बांधली आणि म्हणाली, "सांगीन मी माह्या लेकाले."

तिनं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गाडीशी आले. ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं. मालक खाली मान घालून गाडीत बसले. मी गिरणीतल्या आमच्या खोलीच्या दारातून बघत होते. किल्ली वाचली याचा आनंद होताच, पण ते उघडं तोंड पाहून मला रडू कोसळलं.